कानालोआ काहोओलावेन्सिस

कानालोआ काहोओलावेन्सिस हे हवाई द्वीपसमूहातील काहोओलावे बेटाच्या किनाऱ्यालगत सापडलेले, शिंबावंत कुलातील एक अतिदुर्मिळ झुडूप आहे. १९९२ मध्ये ते वनस्पतिशास्त्राला प्रथम ज्ञात झाले, तेव्हा समुद्रातून वर आलेल्या एका खडकाळ सुळक्यावर त्याची फक्त दोन जिवंत झाडे उरली होती. पुढे ती दोन्ही मृत झाली. त्यामुळे ही जाती आज नैसर्गिक अधिवासात उरलेली नसून मोजक्या लागवडीतील झाडांच्या रूपातच टिकून आहे. कानालोआ या प्रजातीत सध्या ज्ञात असलेली ही एकमेव जाती होय.

दोनच झाडे शिल्लक असलेली वनस्पती मुळातच विरळ असावी, असे कोणालाही वाटेल. या झुडपाच्या बाबतीत मात्र तो समज चुकीचा ठरला. ओआहू बेटावरील जुन्या गाळात त्याचे परागकण विपुल प्रमाणात आढळले असून, मानवाच्या आगमनापूर्वी ते हवाईच्या कोरड्या सखल प्रदेशातील प्रमुख वनस्पतींपैकी एक होते. सुळक्यावरील त्या दोन झाडांना असलेले धोके आणि या जातीला सुळक्यापर्यंत मागे रेटणारी कारणे सर्वस्वी एक नाहीत. तिचा ऱ्हास समजून घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

नाव

प्रजातीचे नाव कानालोआ या हवाईयन देवतेवरून ठेवलेले आहे. हवाईयन परंपरेत कानालोआ हा समुद्राचा देव असून काहोओलावे बेटाशी त्याचे विशेष नाते मानले जाते. ‘कोहे मालामालामा ओ कानालोआ’ हे या बेटाचे एक जुने नाव आहे. जातिवाचक नाव अर्थातच बेटाच्या नावावरून आले आहे. हवाईयन भाषेत या झुडपाला ‘का पालुपालू ओ कानालोआ’, म्हणजे ‘कानालोआची मृदुता’, असे म्हटले जाते. हे नाव शोधानंतर रूढ झाले. एकेकाळी सर्वत्र वाढणाऱ्या या झाडाला जुन्या हवाईयन लोकांनीही काही नाव दिले असणार, परंतु झाड दृष्टीआड झाल्यावर ते नावही मागे राहिले नाही.

वर्णन

हे दाट फांद्यांचे झुडूप साधारण ०.७५ ते १ मी. उंच वाढते. त्याच्या पसरट फांद्या ०.७५ ते १.५ मी. लांब असतात. कोवळ्या भागांवर तपकिरी व पांढऱ्या केसांची दाट लव असते. जुन्या फांद्या करड्या-पांढऱ्या व बुचासारख्या होतात. पाने फांद्यांच्या टोकांशी गर्दीने येतात. प्रत्येक पानात दलांच्या तीन जोड्या असून दले १.४ ते ४.२ सेंमी. लांब व ०.९ ते ३.२ सेंमी. रुंद असतात. दलांच्या प्रत्येक जोडीच्या सांध्यावर सुपारीच्या आकाराची एक छोटी मकरंद ग्रंथी असते.

फुले पांढरी व अतिशय लहान असून ती ६ ते ८ मिमी. व्यासाच्या गोलाकार स्तबकात येतात. एका स्तबकात २० ते ५४ फुले असतात आणि प्रत्येकात १० सुटी केसरदले असतात. बाभूळ किंवा लाजाळू यांचे गोंडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या फुलोऱ्याची कल्पना सहज येईल. एवढ्या फुलांमधून एका स्तबकावर फार तर चार शेंगा धरतात. शेंग चपटी, अंडाकृती ते जवळजवळ गोल, २.३ ते ३ सेंमी. लांब असते आणि दोन्ही कडांनी उकलते. शेंगेत बी एकच असते. ते तपकिरी, अंडाकृती ते हृदयाकृती व सुमारे १.५ सेंमी. लांब असते. इतक्या बुटक्या झुडपाच्या मानाने हे बी बरेच मोठे आहे आणि पुढे येणाऱ्या उंदरांच्या प्रश्नात त्याला महत्त्व आहे.

वर्गीकरण

कानालोआ ही प्रजाती शिंबावंत कुलातील बाभूळ-लाजाळूच्या गटात मोडते. हवाईतील दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीशी तिचे उघड साम्य नाही. डेसमँथस, ल्यूसीना आणि श्लाइनिट्झिया या प्रजाती तिला जवळच्या मानल्या जातात. यांपैकी ल्यूसीना प्रजातीतील सुबाभूळ महाराष्ट्रात चाऱ्यासाठी व सरपणासाठी लावली जाते. मध्य अमेरिकेतून आलेली हीच सुबाभूळ हवाईत ‘कोआ हाओले’ या नावाने ओळखली जाते. ओआहूच्या कोरड्या सखल भागांत, म्हणजे जेथे एकेकाळी कानालोआ वाढत असे तेथेच, तिची आज दाट रानमाजलेली झाडी आहे. एकाच गटातील एका वनस्पतीचा असा फैलाव व्हावा आणि दुसरी नामशेष होण्याच्या कड्यावर यावी, यामागील कारण बहुधा त्यांच्या पूर्वेतिहासात आहे. सुबाभूळ चरणाऱ्या व बिया खाणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या सहवासात घडली. कानालोआ अशा प्राण्यांचा मागमूसही नसलेल्या बेटांवर घडली.

शोध

काहोओलावे बेट १९४१ पासून अमेरिकेच्या लष्कराच्या ताब्यात होते व त्याचा वापर बॉम्बफेकीच्या सरावासाठी होत असे. या काळात तेथे वनस्पतींचे सविस्तर सर्वेक्षण करणे कठीण होते. ऑक्टोबर १९९० मध्ये बॉम्बफेक थांबली आणि त्यानंतर बेटाची जैविक पाहणी हाती घेण्यात आली. काउआई बेटावरील नॅशनल ट्रॉपिकल बोटॅनिकल गार्डन या संस्थेचे वनस्पतिशास्त्रज्ञ केन वुड आणि स्टीव्ह पर्लमन हे उभ्या कड्यांवर दोराने उतरून दुर्मिळ वनस्पती शोधण्यासाठी प्रसिद्ध आहेत. १९९२ मध्ये त्यांना बेटाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आलेआले नावाच्या सुळक्यावर हे अनोळखी झुडूप दिसले. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५ ते ६० मी. उंचीवर, सुट्या दगडांच्या तीव्र उतारावर दोन झाडे जिवंत होती. आसपास दहा-बारा झाडांचे वाळके सांगाडे होते. ती झाडे केव्हा मेली हे सांगणारी कोणतीही नोंद नव्हती, मात्र संख्या घटत आहे एवढे त्यांवरून स्पष्ट होत होते.

डेव्हिड लॉरेन्स आणि केन वुड यांनी १९९४ मध्ये ‘नोव्हॉन’ या नियतकालिकात नवी प्रजाती व नवी जाती म्हणून तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हवाईच्या वनस्पतींचा अभ्यास अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. अशा ठिकाणी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात केवळ नवी जातीच नव्हे, तर संपूर्ण नवी प्रजाती सापडणे ही असामान्य घटना होती.

परागकणांचा पुरावा

ओआहू बेटाच्या सखल भागात पुरातत्त्व व पुरापर्यावरणाच्या अभ्यासासाठी तळी व दलदलींच्या तळाशी साचलेल्या गाळाचे उभे नमुने काढण्यात आले होते. गाळ थरांवर थर साचत गेलेला असतो. त्यामुळे प्रत्येक थरातील परागकण ओळखून मोजल्यास त्या त्या काळी परिसरात कोणती झाडे होती हे कळते आणि थरांचे वय कार्बन-१४ पद्धतीने ठरवता येते. या नमुन्यांत शिंबावंत कुलातील एका वनस्पतीचे परागकण मोठ्या प्रमाणात येत होते, पण ते कोणाचे हे कळत नव्हते. हवाईतील एकाही ज्ञात वनस्पतीशी ते जुळत नव्हते. आलेआलेवरील झुडपाचे परागकण हाती आल्यावर या कोड्याचा उलगडा झाला.

ओआहूच्या नैर्ऋत्येकडील एवा मैदानात, म्हणजे चुनखडकाच्या कोरड्या सपाट प्रदेशात, कानालोआ ही लोउलू ताड आणि आआलिई या झुडपासह वनस्पतिसृष्टीचा मुख्य घटक होती, असे या पुराव्यावरून दिसते. लोउलू ही प्रिचार्डिया प्रजातीतील हवाईची मूळ ताडवृक्षे होत, तर आआलिई म्हणजे डोडोनिया व्हिस्कोसा. काउआई बेटावरील जुन्या गाळातही कानालोआ प्रजातीचे परागकण मिळाले आहेत. ते याच जातीचे की आता नष्ट झालेल्या दुसऱ्या एखाद्या जातीचे, हे केवळ परागकणांवरून ठरवता येत नाही. काहीही असले, तरी या प्रजातीचा प्रसार एके काळी अनेक बेटांवर होता, हे निश्चित.

पॉलिनेशियन दर्यावर्दी हवाईत साधारणपणे इ. स. १००० ते १२०० च्या दरम्यान आले, असे आज मानले जाते. त्याच सुमारास गाळातील कानालोआचे प्रमाण झपाट्याने घसरू लागते आणि पुढील काही शतकांत ते संपूर्ण नाहीसे होते. लोउलू ताडांचे परागही याच काळात मोठ्या प्रमाणात कमी होतात.

उंदीर आणि सखल प्रदेशातील जंगल

पॉलिनेशियन होड्यांमधून माणसांबरोबर पॉलिनेशियन उंदीरही हवाईत पोहोचला. त्याचे शास्त्रीय नाव रॅटस एक्झुलान्स. हवाईत तोपर्यंत जमिनीवर वावरणारा एकही मूळ सस्तन प्राणी नव्हता, वटवाघळाचा काय तो अपवाद. तेथील वनस्पतींच्या बियांना कुरतडणाऱ्या दातांपासून संरक्षणाची गरजच कधी पडली नव्हती. खाद्य मुबलक, शत्रू अत्यल्प आणि वर्षातून अनेकदा होणारी वीण यांमुळे उंदरांची संख्या माणसांच्या वस्तीपेक्षा कितीतरी वेगाने वाढणे शक्य होते.

पुरातत्त्वज्ञ जे. स्टीफन ॲथेन्स यांनी आपल्या संशोधनात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. एवा मैदानातील ऑर्डी तळ्याच्या गाळात मूळ जंगलाची घसरण आधी दिसते. आग व शेती यांची खूण असलेले कोळशाचे कण त्यानंतरच्या थरांत येतात. माणसांनी त्या मैदानात येऊन जंगल तोडले किंवा जाळले असते, तर क्रम उलट असता. मैदानातील चुनखडकाच्या खळग्यांमध्ये या उंदरांची जुनी हाडेही सापडली आहेत. त्यावरून, माणसांची वस्ती होण्यापूर्वीच उंदीर मैदानात पसरले आणि बिया व रोपे खाऊन त्यांनी जंगलाचे पुनरुज्जीवन थांबवले, असा ॲथेन्स यांचा निष्कर्ष आहे. जुनी झाडे आपले आयुष्य संपवून मरत गेली आणि त्यांची जागा घेणारे काही उगवले नाही.

हे मत सर्वांना मान्य आहे असे नाही. रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेटावरील ताडवनांच्या नाशाबाबतही उंदीर की मानव, असा दीर्घ वाद चालू आहे. हवाईच्या अन्य भागांत शेतीसाठी लावलेल्या आगींचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. कानालोआच्या बाबतीत उंदरांविरुद्धचा पुरावा अप्रत्यक्ष असला, तरी तो वजनदार आहे. तिचे बी आकाराने व ठेवणीने उहिउही या शिंबावंत वृक्षाच्या बीसारखे आहे. उहिउही ही हवाईची दुसरी संकटग्रस्त जाती असून तिच्या बिया उंदीर खातात, हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. एका शेंगेत एकच बी आणि एका स्तबकावर फार तर चार शेंगा, एवढ्या तुटपुंज्या उत्पन्नातून उंदरांची भूक भागवून पुन्हा रोपे निपजणे अवघडच होते.

काहोओलावे बेटाची हानी

काहोओलावे हे हवाईच्या आठ मुख्य बेटांपैकी सर्वांत लहान बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११६ चौ. किमी. आहे. माउई बेटाच्या नैर्ऋत्येस सुमारे ११ किमी. अंतरावर, हालेआकाला ज्वालामुखीच्या पर्जन्यछायेत ते वसले आहे. त्यामुळे तेथे वर्षाला साधारण २५ ते ६५ सेंमी. एवढाच पाऊस पडतो आणि बारमाही प्रवाह एकही नाही. बेटाचा सर्वोच्च बिंदू ४५२ मी. उंच आहे.

ब्रिटिश नाविक जॉर्ज व्हँकूव्हर याने १७९३ मध्ये माउईचा प्रमुख काहेकिली याला शेळ्या भेट दिल्या. त्यांतूनच काहोओलावेवर शेळ्या आल्या, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मेंढ्या व गुरे पाळण्यासाठी बेट भाडेपट्ट्याने दिले जाऊ लागले. चराईचा भार बेटाच्या कुवतीपलीकडे गेला. झाडोरा नाहीसा झाल्यावर व्यापारी वाऱ्यांनी आणि मुसळधार सरींनी माती वाहून नेली. बेटाच्या वरच्या भागात मोठ्या क्षेत्रावर लालसर, घट्ट, ओलावा न धरणारा मुरमासारखा थर उघडा पडला. हा थर आजही तसाच आहे. धूप रोखण्यासाठी व चाऱ्यासाठी आणलेल्या वनस्पतींपैकी दक्षिण अमेरिकेतील ‘किआवे’ किनारपट्टीवर फैलावली. महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाची ही अगदी जवळची नातलग होय.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर डिसेंबर १९४१ मध्ये बेट लष्कराने ताब्यात घेतले आणि पुढील सुमारे अर्धशतक तेथे तोफा व विमानांतून मारा होत राहिला. १९६५ मध्ये ‘सेलर हॅट’ या नावाने ५०० टन टीएनटीचे स्फोट करण्यात आले. त्यामुळे किनाऱ्याजवळ पडलेल्या विवरात आता खारे पाणी साचलेले आहे. १९७६ पासून हवाईयन कार्यकर्त्यांनी ‘प्रोटेक्ट काहोओलावे ओहाना’ या संघटनेमार्फत आंदोलन उभारले, वारंवार बेटावर उतरून निषेध केला आणि न्यायालयातही दाद मागितली. जॉर्ज हेल्म व किमो मिचेल हे दोन कार्यकर्ते मार्च १९७७ मध्ये समुद्रात बेपत्ता झाले. बॉम्बफेक थांबवण्याचा आदेश १९९० मध्ये निघाला, तो या लढ्याच्या दबावामुळे. कानालोआचा शोधही एका अर्थी या लढ्याचेच फलित आहे.

शेळ्या व मेंढ्यांचे बेटावरून संपूर्ण निर्मूलन १९९३ पर्यंत झाले. तोपर्यंत मुख्य बेटावर कानालोआ कोठे तग धरून होती का, हे सांगणारे काहीही उरले नव्हते. आलेआले सुळका मुख्य बेटापासून तुटलेला आहे. त्याच्या उभ्या भिंतींवर शेळ्यांना चढता आले नाही आणि म्हणूनच ही दोन झाडे वाचली असावीत, असे मानले जाते. सुळका हे या झुडपाचे आवडते स्थान होते असे समजण्यास मात्र आधार नाही. गाळातील परागकण ते सपाट मैदानातही वाढत असल्याची साक्ष देतात.

सुळक्यावरील धोके

ज्या तीव्र उताराने झाडांना शेळ्यांपासून वाचवले, तोच त्यांच्यासाठी सर्वांत मोठा धोका ठरला. सुळक्याचा खडक ठिसूळ असून त्यावर दरडी कोसळतात. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने केलेल्या मूल्यमापनात दरडी व परकीय वनस्पती हे या जातीचे प्रमुख धोके म्हणून नोंदवले आहेत. एखाद्या जातीची सर्व झाडे काही मीटरांच्या परिघात असतील, तर एकच घसरण संपूर्ण जाती नष्ट करू शकते. अशा उतारावर झाडांची निगा राखायला जाणारा माणूसही आपल्या पावलांनी दगड सैल करतो, ही अडचण वेगळीच.

सुळक्यावर इलिमासारखी मूळ किनारी झुडपे होती. इलिमा ही आपल्याकडील चिकणा-बला यांच्याच प्रजातीतील वनस्पती आहे. तिच्याबरोबर परकीय वनस्पतींनीही तेथे शिरकाव केला होता. त्यांत गवते, निकोटियाना ग्लॉका हे तंबाखूच्या प्रजातीतील झुडूप आणि घोळ यांचा समावेश होतो. खडकाच्या फटीत साचलेली मूठभर माती व पावसाचे थोडेसे पाणी एवढेच जेथे उपलब्ध आहे, तेथे अशा झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती प्रौढ झुडपापेक्षा नव्या रोपाला अधिक जाचक ठरतात. शिवाय वाळलेले गवत आगीला निमंत्रण देते.

बिया गळून पडल्या तरी त्यांना रुजायला जागा अपुरी होती. उताराच्या पायथ्याशी समुद्र आहे. काहोओलावेवर पॉलिनेशियन उंदीर आजही आहेत, त्यामुळे अधिकृत मूल्यमापनात उंदरांची गणना संभाव्य धोक्यांत केलेली आहे.

अत्यल्प संख्येचे दुष्परिणाम

वरील सर्व धोके दूर झाले असते, तरीही दोन झाडांवर उभी असलेली जाती सुरक्षित म्हणता आली नसती. दोन झाडांमध्ये सामावणारे आनुवंशिक वैविध्य फारच थोडे असते. एकेकाळी अनेक बेटांवर पसरलेल्या समष्टीतील बहुतेक वैविध्य मधल्या शतकांत कायमचे नष्ट झालेले आहे आणि कितीही रोपे तयार केली, तरी ते परत आणता येत नाही. निकट संबंधित झाडांच्या संकरातून निपजणारी संतती दुर्बळ असण्याची शक्यता वाढते. एखादा नवा रोग किंवा कीड आल्यास तिला तोंड देणारे एखादे वेगळे झाड समष्टीत असण्याची शक्यता कमी होते.

फुलांची रचनाही येथे आड येते. स्तबकातील अनेक फुले केवळ पुंकेसरी असतात आणि शेंगा मुळातच कमी धरतात. परागण नेमके कोणता कीटक करत असे, याचे प्रत्यक्ष निरीक्षण दोन झाडांच्या आधारे होणे शक्य नव्हते. हवाईच्या मूळ मधमाश्या हायलियस या एकाच प्रजातीतील असून त्यांच्या साठहून अधिक जाती आहेत. त्यांतील सात जातींना २०१६ मध्ये अमेरिकेत संकटग्रस्त घोषित करण्यात आले. हवाईत मुंग्यांची एकही मूळ जाती नाही. बाहेरून आलेल्या मुंग्या फुलांतील मकरंद लुटतात आणि या मधमाश्यांच्या अळ्यांवर हल्ला करतात. किनारी झुडपांच्या बीजोत्पादनावर याचा परिणाम होतो आणि कानालोआला पुन्हा किनाऱ्यावर लावताना या प्रश्नाचाही विचार करावा लागेल.

कायदेशीर दर्जा

अमेरिकेच्या संकटग्रस्त जाती कायद्यान्वये ३ सप्टेंबर १९९९ रोजी कानालोआ काहोओलावेन्सिसला संकटग्रस्त जातीचा दर्जा मिळाला. माउई व शेजारच्या बेटांवरील दहा वनस्पतींना त्याच अधिसूचनेद्वारे हे संरक्षण देण्यात आले. २००३ मध्ये काहोओलावेवरील काही क्षेत्र तिच्यासाठी अत्यावश्यक अधिवास म्हणून निश्चित करण्यात आले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त या वर्गात आहे.

लागवड व पुनर्लागवड

सुळक्यावरील झाडांपासून मिळालेल्या बियांतून काही रोपे वाढवण्यात आली. त्यांपैकी मोजकीच टिकली. या झुडपाची अभिवृद्धी अवघड आहे. बी क्वचित धरते आणि एरवी बागकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या छाट कलमासारख्या पद्धतींना ते सहज दाद देत नाही. म्हणून जिवंत झाडे एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवणे, फुले येतील तेव्हा हाताने परागण करणे आणि ऊती-संवर्धनाचे प्रयोग करणे, असे मार्ग अवलंबावे लागतात. बाग कितीही चांगली असली, तरी एका वादळात किंवा एका किडीच्या प्रादुर्भावात तेथील झाडे जाऊ शकतात.

ही झाडे परत न्यायची तर काहोओलावेवर जागा तयार असली पाहिजे. बेट १९९४ मध्ये हवाई राज्याकडे परत आले. त्याची व्यवस्था काहोओलावे आयलंड रिझर्व्ह कमिशन पाहते. नौदलाने सुमारे ४० कोटी डॉलर खर्च करून चालवलेली स्फोटके हटवण्याची मोहीम २००४ मध्ये संपली. तोपर्यंत बेटाच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागाचा फक्त पृष्ठभाग साफ झाला होता. १.२ मी. खोलीपर्यंत सफाई झालेला भाग सुमारे एक-दशांश एवढाच आहे. उरलेल्या जमिनीत कुदळ मारणे धोक्याचे असल्यामुळे अनेक ठिकाणी खड्डे न खणता, बाहेरून आणलेल्या मातीचे उंचवटे करून आणि गवताचे भारे रचून त्यांत रोपे लावली जातात. पाणी साठवलेल्या पावसाचे आणि मनुष्यबळ बहुतांशी स्वयंसेवकांचे. शिवाय सर्व काही बोटीने किंवा हेलिकॉप्टरने आणावे लागते.

फेब्रुवारी २०२० मध्ये लागलेल्या वणव्यात बेटाचा सुमारे ३० टक्के भाग जळाला. न फुटलेल्या स्फोटकांमुळे अग्निशमन दलाला जमिनीवरून आग विझवता आली नाही आणि वनीकरणासाठी साठवलेली साधनसामग्रीही जळून गेली. वणव्यांना पेट घेण्यास सुकी परकीय गवते कारणीभूत ठरतात आणि जळलेल्या जागी पुन्हा तीच सर्वांत आधी उगवतात. शेळ्या गेल्यावर चराई थांबली, तेव्हा मूळ वनस्पतींबरोबर या गवतांनाही मोकळे रान मिळाले होते.

बेटावर रानटी मांजरे, पॉलिनेशियन उंदीर व घरगुती लहान उंदीर अजूनही आहेत. मांजरे समुद्रपक्ष्यांची शिकार करतात, पण त्याचबरोबर ती उंदीरही खातात. केवळ मांजरे हटवली, तर उंदरांची संख्या वाढून बियांचे नुकसान अधिक होण्याचा संभव असतो. म्हणून या तिन्ही प्राण्यांचे एकत्रित निर्मूलन करावे, असा विचार मांडला गेला आहे. पॅसिफिकमधील इतर बेटांवर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीर पूर्णपणे हटवल्याची उदाहरणे आहेत. परंतु आमिषानंतर जमिनीवर पायी फिरून एकही प्राणी उरला नाही याची खात्री करावी लागते. काहोओलावेवर ज्या भागातील स्फोटके काढलेली नाहीत, तेथे हेच करणे सर्वांत कठीण आहे.